वृक्ष आणि श्रमिक : टिकाऊ समाजाच्या मूलतत्त्वांची चिकित्सा

निसर्गाचा नाश न करता आणि कोणाही मनुष्याला हीन न लेखता ज्यात जगता येईल असा समाज कोणत्या तत्त्वांवर उभा राहू शकेल, या प्रश्नाची गेल्या अर्धशतकात अनेक उत्तरे देण्यात आली आहेत. त्यांपैकी तीन प्रमुख उत्तरांची चिकित्सा प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. पहिले उत्तर अर्थशास्त्रज्ञ ई. एफ. शुमाखर यांचे. त्यांनी १९७३ च्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात ‘बौद्ध अर्थशास्त्र’ या नावाचे एक प्रकरण घातले. दुसरे उत्तर ब्रुंटलांड आयोगाचे. त्याचा अहवाल १९८७ साली प्रसिद्ध झाला. तिसरे उत्तर स्वीडनमधील कर्करोगतज्ज्ञ डॉ. कार्ल-हेन्रिक रोबेर यांचे. १९८९ साली त्यांनी ‘नॅचरल स्टेप’ ही चळवळ सुरू केली व टिकाऊ समाजाच्या चार अटी पुढे मांडल्या.

तत्त्वे ऐकावयास नेहमीच चांगली वाटतात. त्यांची पारख करावयाची तर ती एखाद्या प्रत्यक्ष व्यवहाराला लावून पाहिली पाहिजेत. आम्ही त्यासाठी पुणे शहराच्या कचऱ्याचा व्यवहार निवडला आहे. निसर्गातून घेतलेली वस्तू आणि समाजाच्या तळाशी ठेवलेला मनुष्य यांची गाठ जितकी स्पष्टपणे कचऱ्यात पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडते, हे त्याचे कारण होय.

तीन उत्तरे

ब्रुंटलांड आयोगाची विकासाची व्याख्या सर्वपरिचित आहे. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, परंतु तसे करताना पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेस बाधा आणू नये, असा तिचा आशय आहे. गरिबांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम द्यावा, असेही आयोगाने स्पष्टपणे म्हटले आहे. तथापि या व्याख्येतील ‘आजची पिढी’ हा शब्द एकसंध समाज गृहीत धरतो. एकाच पिढीतील, एकाच शहरातील काहींच्या गरजा इतरांच्या आरोग्याची किंमत देऊन भागत असतील तर काय, हा प्रश्न तिच्यात पुरेशा धारदारपणे येत नाही.

डॉ. रोबेर यांच्या अटी अधिक काटेकोर आहेत. भूगर्भातून काढलेले पदार्थ निसर्गात सतत साठत जाऊ नयेत. माणसाने बनविलेले कृत्रिम पदार्थ तसे साठू नयेत. निसर्गाची भौतिक हानी वाढत जाऊ नये. आणि ज्या परिस्थितीमुळे माणसांना आपल्या गरजा भागविणे अशक्य होते अशी परिस्थिती समाजाने निर्माण करू नये. पहिल्या तीन अटींची शक्ती मान्य केलीच पाहिजे. घरातल्या घड्याळातून काढून कुंडीत फेकलेला विद्युत्‌घट, त्यातील धातू, तो धातू झिरपलेली जमीन आणि त्या जमिनीतील विहीर ही साखळी या अटींनी नेमकी दिसते. हे असल्यामुळे ते होते, हे नसल्यास ते होत नाही, हा पटिच्चसमुप्पादाचा विचार ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

परंतु तीन अटी द्रव्याच्या आणि एकच अट माणसाची, अशी ही विभागणी आहे. पुढील काळात या चळवळीच्या अभ्यासकांनाही ती चौथी अट मोघम वाटली. त्यांनी तिची आरोग्य, निर्णयातील वाटा, क्षमतेचा विकास, निःपक्षपात आणि जीवनाची अर्थपूर्णता अशा पाच अंगांनी फोड केली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही एक उणीव राहतेच. द्रव्याची साखळी एका बाजूस आणि माणसांची यादी दुसऱ्या बाजूस असे दोन स्वतंत्र हिशेब मांडले जातात. ते द्रव्य कोणाच्या हातांतून जाते, आणि नेमके त्यांच्याच हातांतून का जाते, हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

शुमाखर यांचे ‘बौद्ध अर्थशास्त्र’

शुमाखर यांच्याकडे वळताना आमची अपेक्षा साहजिकच वाढते. १९५५ साली ते ब्रह्मदेशाच्या सरकारचे सल्लागार म्हणून तेथे गेले होते. तेथील बौद्ध जनजीवनाच्या निरीक्षणातून त्यांचा हा निबंध सिद्ध झाला. त्यात त्यांनी ज्यांचा आधार घेतला आहे ते जे. सी. कुमारप्पा हे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणारे अर्थतज्ज्ञ होते. टिकाऊपणाचे अर्थशास्त्र हा शब्दप्रयोगच कुमारप्पांच्या ग्रंथनामातून आलेला आहे. म्हणजे या विचाराची एक मुळी महाराष्ट्राच्या मातीत आहे.

शुमाखर यांनी सम्मा आजीवाला अर्थशास्त्राचा पाया केले. काम म्हणजे टाळण्याजोगे कष्ट नव्हेत. कामाने माणसाच्या अंगच्या शक्ती वाढतात, इतरांसह काम केल्याने अहंकार झिजतो आणि जगण्यास लागणाऱ्या वस्तू निर्माण होतात, असे तिहेरी प्रयोजन त्यांनी सांगितले. उपभोग जितका अधिक तितके सुख अधिक, हे समीकरण त्यांनी नाकारले. बुद्धाच्या अनुयायाने वृक्ष लावावेत व जोपासावेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. डॉ. रोबेर यांच्या मांडणीत विलग झालेले वृक्ष आणि श्रम येथे एकत्र येतात, ही या निबंधाची थोरवी होय.

असे असूनही आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की शुमाखर यांचा श्रमिक हा कारागीर आहे. मागावर बसलेला विणकर त्यांच्या डोळ्यांपुढे आहे. कुंडीत हात घालणारी स्त्री नाही. कामाने माणसाचा विकास होतो हे खरे, पण काही कामे समाज काही माणसांवर जन्मतःच लादतो आणि ती करणाऱ्याला हीन ठरवितो, तेव्हा त्या कामाचे तिहेरी प्रयोजन कोठे जाते? स्त्रियांना घराबाहेरील नोकरीची सामान्यतः गरज नाही आणि त्या मोठ्या संख्येने कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करू लागल्या तर ते अर्थव्यवस्थेच्या अपयशाचे लक्षण समजावे, असेही त्यांनी लिहिले आहे. ज्या घराची चूल स्त्रीच्या कमाईवर पेटते त्या घराकडे पाहून हे विधान कोणी करू शकणार नाही.

दुसरा आक्षेप साधेपणासंबंधी आहे. साधेपणा हा ज्याच्याजवळ निवडीचे स्वातंत्र्य आहे त्याचा गुण असतो. ज्याच्यापुढे निवडच नाही त्याच्या बाबतीत ते दारिद्र्य असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली ‘महाबोधि’ नियतकालिकातील आपल्या लेखात धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, ही धर्माची एक कसोटीच सांगितली. पर्यावरणाच्या नावाने साधेपणा शिकविणाऱ्या प्रत्येक मांडणीला ही कसोटी लावली पाहिजे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या अशी अधोगतीची साखळी वर्णिली आहे. तेथे दारिद्र्य हा सद्‌गुण नाही. ते समाज मोडण्याचे कारण आहे.

कूटदन्तसुत्ताची साक्ष

मग वृक्ष आणि श्रमिक यांना एकाच हिशेबात धरणारी दृष्टी कोठे सापडते? आमच्या मते ती दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात सापडते. कूटदन्त ब्राह्मणाने मोठ्या यज्ञासाठी शेकडो पशू आणून बांधले आहेत. तथागत त्याला पूर्वीच्या महाविजित राजाच्या यज्ञाची कथा सांगतात. त्या यज्ञापूर्वी शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन देण्यात आले. यज्ञात गाई, शेळ्या, मेंढ्या मारल्या गेल्या नाहीत. यूपासाठी झाडे तोडली गेली नाहीत. दर्भही कापला गेला नाही. आणि लगेच त्याच ओघात सांगितले आहे की तेथील दास व कामकरी दंडाच्या धाकाने, भयाने, रडतरडत काम करीत नव्हते. ज्यांची इच्छा होती त्यांनी काम केले, ज्यांची नव्हती त्यांनी केले नाही.

पशू, वृक्ष, गवत आणि कामकरी हे येथे एका दमात येतात. यज्ञ निर्दोष होता की नाही हे ठरविताना तोडलेले झाड जितके मोजले जाते तितकेच कामकऱ्याचे अश्रूही मोजले जातात. श्रमिकाची कसोटी तर अतिशय नेमकी आहे: त्याला ‘नाही’ म्हणता येते काय?

या सुत्ताचा आम्ही भाबडा गौरव करू इच्छित नाही. त्यात ‘दास’ हा शब्द आहे. म्हणजे दास्य नष्ट झाले असे ते सांगत नाही. आदर्श राजाच्या कथेत का होईना, दासालाही नकाराचा अधिकार असावा इतके ते सांगते. त्या काळी हेही थोडे नव्हते.

विनयपिटकात याच विचाराची दैनंदिन बाजू दिसते. चुल्लवग्गातील एक कथा पर्यावरणावरील लेखनात वारंवार येते. कोसंबीच्या उदेन राजाच्या स्त्रियांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांचे पलंगपोस करू, जुन्या पलंगपोसांचे गादीचे अभ्रे, त्यांची पुढे बसकरे, त्यांची पायपुसणी, त्यांचे झाडणे. आणि शेवटी त्याच्या चिंध्या मातीत मळून जमीन लिंपू, असा त्यांच्या उत्तराचा क्रम आहे. या कथेतून पुनर्वापराचा बोध सर्वच घेतात. तथापि एक गोष्ट सहसा सुटते. वस्त्राच्या पहिल्या वापरापासून शेवटच्या चिंधीपर्यंतचे सारे काम संघच करतो. मध्ये कोठेही ते काम दुसऱ्या कोणा हीन मानलेल्या माणसाकडे ढकलले जात नाही.

याच ग्रंथातील शौचकूपासंबंधीचे नियम त्याहून बोलके आहेत. जन्माने ब्राह्मण असलेला एक भिक्खू, या दुर्गंधीला कोण हात लावील, अशा विचाराने शौचानंतर स्वच्छता करीत नव्हता. त्यानिमित्ताने झालेल्या नियमांत शौचकूप मलिन असल्यास धुवावा, केर असल्यास झाडावा, पाणी नसल्यास भरून ठेवावे, असे सांगितले आहे. हे नियम सर्वांना सारखे आहेत. ज्या संघात हे नियम झाले त्याच संघात सुनीत थेर होते. निर्माल्य काढणाऱ्या नीच मानलेल्या कुळातील सुनीतांनी थेरगाथेत आपले पूर्वायुष्य स्वतः सांगितले आहे. सुनीत संघात आले तेव्हा संघाची सफाई त्यांच्याकडे सोपविली गेली नाही. ती सर्वांची झाली, आणि सुनीत अर्हत झाले.

पुण्याचा व्यवहार

आता ही कसोटी घेऊन पुण्याकडे पाहू. या शहराचा कचरा पूर्वी कोथरूडच्या डेपोत जात असे. कोथरूड हे शहराबाहेरचे गाव होते तोवर कोणाची फारशी तक्रार नव्हती. तेथे मध्यमवर्गाची वस्ती झाली आणि डेपो उरुळी देवाची व फुरसुंगीच्या शिवारात गेला. कोथरूडच्या त्या जागेवर पुढे मेट्रोचा डेपो उभा राहिला. उरुळीच्या लोकांच्या वाट्याला दुर्गंधी, डेपोतील आगी आणि नासलेल्या विहिरी आल्या. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा शहराला त्यांचे अस्तित्व जाणवले. २०१७ साली ही गावे महापालिकेच्या हद्दीत घेण्यात आली आणि २०२४ साली त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. हद्दीच्या रेषा अशा बदलत गेल्या. ज्याला नकार देण्याचे बळ आहे त्याच्या दारातून कचरा उठतो आणि ज्याला ते नाही त्याच्या दारात पडतो, हा नियम मात्र त्या रेषांनी बदलला नाही.

दुसरी बाजू कचरावेचकांची. शहरातील कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक वेचून भंगाराच्या दुकानापर्यंत नेणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्या बहुसंख्येने मातंग, बौद्ध आदी पूर्वास्पृश्य समाजांतील आहेत. मराठवाड्यातील दुष्काळाने अनेक कुटुंबे पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आली. शेत नाही, शिक्षण नाही, भांडवल नाही. उरली ती कुंडी. तेथेही चोरीचा संशय, पोलिसांचा जाच आणि भंगार व्यापाऱ्याचा काटा.

या स्त्रियांची संघटना १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली व श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षण कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ हे तिचे नाव. आपण भिकारी नाही, चोर नाही, कष्टकरी आहोत, हे तिचे पहिले म्हणणे होते. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे ही तिची आरंभीची मोठी मिळकत. ज्यांनी आयुष्यात स्वतःचे नाव छापलेले पाहिले नव्हते त्यांच्यासाठी त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याचे मोल काय असेल, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको. मुलांनी कुंडीकडे न जाता शाळेत जावे, यासाठीही पंचायतीने काम केले. पुढे याच स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली व २००८ साली महापालिकेशी तिचा करार झाला. सभासद घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घेतात, घरमालकाकडून ठरलेले सेवाशुल्क घेतात आणि विकण्याजोग्या सुक्या कचऱ्याचे उत्पन्न त्यांचे असते. आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक या संस्थेत आहेत.

द्रव्याच्या हिशेबात हे काम अव्वल ठरते. वेचलेली प्रत्येक वस्तू उरुळीच्या ढिगावर जाण्यापासून वाचते आणि तितका कच्चा माल भूमीतून कमी काढावा लागतो. माणसाच्या हिशेबात काय? कुंडीतून उंबरठ्यापर्यंतचे अंतर या स्त्रियांनी कापले, ही क्रांतीच होय. परंतु अनेक घरांतून आजही मिसळलेला कचरा त्यांच्या हाती येतो. वापरलेल्या सॅनिटरी पॅडवर कागद गुंडाळून लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला तो उघडावा लागणार नाही, एवढी साधी विनंती करण्यासाठी त्यांना मोहीम चालवावी लागली. वर्गीकरणाची तरतूद २००० सालच्या नियमांत होती, २०१६ सालच्या नियमांतही होती. सुशिक्षित कुटुंबाला दोन डबे ठेवणे जड जाते, याचे कारण अज्ञान हे नाही. या घाणीला कोण हात लावील, असे म्हणणारा तो विनयातील भिक्खू आपल्या घरातून अजून गेलेला नाही.

एक आक्षेप

येथे आपल्याच चळवळीतून येणारा एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडून देण्यास सांगितले. १९२८ साली त्यांनी महार वतनाच्या जोखडाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. जी घाणीची कामे सोडावयाची, त्यांचीच संघटना बांधून ती कामे प्रतिष्ठित करणे म्हणजे जातिव्यवस्थेला नवे कपडे घालणे नव्हे काय?

हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. मात्र बाबासाहेबांचा विरोध नेमका कशाला होता ते पाहिले पाहिजे. वतनी कामाला वेळ नव्हता, ठरलेले वेतन नव्हते आणि नकाराची मुभा नव्हती. ते जन्माने गळ्यात पडत होते. जातीत कामे वाटली जात नाहीत, काम करणारी माणसेच एकावर एक अशी कप्प्यांत कोंडली जातात, हे त्यांचे ‘जातिनिर्मूलना’तील प्रतिपादन याच अंगाने समजून घ्यावे लागते. म्हणजे ही कसोटीही कूटदन्तसुत्तातीलच निघते. संघटनेने त्या स्त्रीला दर ठरविण्याचे, मिसळलेला कचरा नाकारण्याचे आणि मुलीला वेगळ्या मार्गाला लावण्याचे बळ दिले असेल तर ती वतनाच्या विरुद्ध दिशेने गेली, असे आम्ही मानतो. परंतु या कामात आजही बहुसंख्येने त्याच जातींतील स्त्रिया आहेत. इतर जातींतील कोणी चांगल्या वेतनासाठीही तेथे येत नाही. तोवर हे काम अर्ध्या वाटेवरच आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

निष्कर्ष

या सर्व विवेचनानंतर टिकाऊ समाजाची तत्त्वे आम्ही पुढीलप्रमाणे मांडू इच्छितो. जो वस्तू बनवितो व जो वापरतो, त्याने तिच्या शेवटापर्यंतची जबाबदारी घ्यावी; आनंद स्थविरांच्या चिंधीचा हाच अर्थ आहे. आपला भार अशा ठिकाणी टाकू नये जेथील लोकांना तो नाकारण्याचे सामर्थ्य नाही. समाजाला आवश्यक असलेले घाणीचे काम करणाऱ्याला इतर कोणत्याही कामाइतके वेतन, सुरक्षा व निर्णयातील वाटा मिळावा. आणि ते काम कोणाच्याही जन्माशी बांधलेले असू नये. डॉ. रोबेर यांच्या द्रव्यविषयक अटी यांना पूरक आहेत. त्या आम्ही सोडत नाही. त्या पाळल्या गेल्या की नाही हे तपासताना मात्र प्रत्येक टप्प्यावरील माणसाला विचारले पाहिजे.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. पुण्यात दररोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो. मोठी वाहने, यंत्रे आणि ठेकेदार यांच्या हाती सर्व काम सोपवावे, ही मागणी पुन्हापुन्हा डोके वर काढते. कचरावेचकांचे काम मुदतीच्या करारांवर चालते आणि मुदत संपत आली की त्यांची भाकरी टांगणीला लागते. यंत्राला आमचा विरोध नाही. माणसाचा हात घाणीतून सुटत असेल तर यंत्र हे करुणेचेच साधन होय. पण यंत्राने त्या स्त्रीच्या डोक्यावरचे ओझे उतरविले की तिच्या ताटातली भाकरी उचलली, हे प्रत्येक करार करताना पाहिले गेले पाहिजे. आणि ते पाहण्याचा पहिला अधिकार तिचा आहे.

महापालिकेने काय करावे हे महापालिका ठरवील. विहारांनी मात्र वाट पाहण्याचे कारण नाही. वर्षावासात, बुद्धजयंतीस आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपल्या विहारांत भोजनदान होते, फुले वाहिली जातात आणि मागे पत्रावळी, पेले व निर्माल्य यांचा ढीग उरतो. त्या सायंकाळी तो ढीग कोण उचलतो, उपासकांतील अधिकारी आणि प्राध्यापक त्याला हात लावतात काय, आणि दुसऱ्या दिवशी दारात येणाऱ्या भगिनीच्या हाती तो वेगळा करून दिला जातो की जसाच्या तसा, हे प्रत्येक विहार समितीने तपासावे. सुनीत थेरांना वंदन करणाऱ्या समाजाने निदान आपले निर्माल्य स्वतः काढावे.